पैसे दिलेत, गाणं दाखवा!

बँकेच्या खिडकीपुढे आपण फार गुणी असतो. आतून ‘मशीन बंद आहे, उद्या या’ असं कानावर आलं की पासबुक पिशवीत घालायचं, वर ‘बरं बरं’ म्हणायचं आणि निघायचं. तोच माणूस संध्याकाळी थिएटरात शिरतो आणि त्याला कंठ फुटतो. आवाज कमी आहे, एसी जास्त आहे, मध्यंतर भलत्याच ठिकाणी केलं, शेवट पटला नाही. एका तिकिटाच्या पैशात त्याला दिग्दर्शकाचा राजीनामा हवा असतो.

माझं आपलं एक आवडतं मत आहे. भारतीय माणूस हक्कानं मागायला शिकला तो दुकानात किंवा कचेरीत नाही. तो शिकला नाटकाच्या पिटात, सिनेमाच्या तिकीटखिडकीवर आणि रेडिओला पत्रं लिहिताना. पुरावे खाली मांडलेत. क्रमानंच वाचायला हवेत असं नाही.

दोन मैल लांब, फक्त तीन आणे

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तेव्हा तिकीट होतं एक रुपया. म्हणजे साहेबलोकांचंच काम. पण महिना संपायच्या आत खेळ नॉव्हेल्टी थिएटरात आला, दर चार आण्यांपासून सुरू झाले आणि पडदानशीन बायकांसाठी बसायची वेगळी सोयही झाली. गिऱ्हाईक वाढवायचं तर काय करावं लागतं, हे पहिल्या तीन आठवड्यांतच कळलं होतं.

सतरा वर्षांनी, ३ मे १९१३ रोजी, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. मुंबईनं तो उचलून धरला. सुरतेत मात्र पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. प्रेक्षकांचा हिशेब सरळ होता. सहा तासांचं नाटक दोन आण्यांत मिळतं, मग दीड तासाच्या चित्राला तीन आणे का द्यायचे? फाळक्यांनी दर उतरवला नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! मग मात्र लोक आले. कला मोजून घ्यायची आपली सवय इतकी जुनी आहे.

पहिली तारामती खानावळीतून आली

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम करायला एकही बाई मिळेना. फाळके शोधत शोधत ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात पोचले. तिथे काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांचे हात त्यांना नाजूक वाटले. पगार थोडा वाढवून द्यायचं ठरलं आणि भारतीय सिनेमाला त्याची पहिली नायिका मिळाली. पुढे १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली. स्वतःचंच हरण आणि स्वतःच शोधायला निघायचं! हिंदी सिनेमातल्या डबल रोलवाल्या सगळ्या जुळ्या भावांनी गिरगावाकडे तोंड करून एकदा नमस्कार करावा.

खिडकीच्या त्या बाजूचे

साळुंके पहिले, पण एकटे नव्हेत. पडद्यावरच्या किती जणांनी आधी लोकांची वर्दळ असलेल्या जागी नोकरी केली, ते पाहिलं की मजा वाटते.

जॉनी वॉकर मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होते. तिकिटं फाडता फाडता प्रवाशांना हसवायचे. बलराज साहनींनी ते हेरलं आणि त्यांना गुरुदत्तपर्यंत पोचवलं. पडद्यावर आयुष्यभर झिंगलेला हा माणूस प्रत्यक्षात दारूला शिवत नसे. रजनीकांतही कंडक्टर, बंगळुरूच्या बसमध्ये. मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, आणि घराण्याचं मूळ जेजुरीजवळच्या मावडी कडेपठारात. दिलीपकुमारांनी पुण्यात लष्कराच्या कॅन्टीनमध्ये सँडविच विकले. बोमन इराणी ताजमहाल हॉटेलात वेटर होते. दादा कोंडके ‘अपना बाजार’मध्ये नोकरीला होते. निळू फुले पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचे. अशोक सराफ स्टेट बँकेत, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात.

आणि अमरीश पुरी? वीसेक वर्षं कर्मचारी राज्य विमा महामंडळात. कल्पना करा. आपण क्लेमचे कागद घेऊन रांगेत उभे आहोत, नंबर येतो, आणि खिडकीतून त्या आवाजात विचारणा होते, ‘झेरॉक्स आणलीय का?’ आणलेली असली तरी माणूस नाही म्हणेल.

मला यात योगायोग दिसत नाही. रोज शेकडो अनोळखी माणसांशी बोलणाऱ्याला कुणाला हसवावं, कुणाला दटवावं आणि कुणासमोर गप्प बसावं याचा अंदाज येतो. दादा कोंडक्यांच्या लागोपाठ नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केले आणि गिनीज बुकात नोंद झाली. बाजारात काय खपतं ते त्यांना कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

वन्स मोअर

संगीत नाटकाच्या प्रेक्षकाइतका हक्काचा ग्राहक जगात झाला नसेल. पद आवडलं की तो ओरडायचा ‘वन्स मोअर’, आणि मेलेलं पात्रसुद्धा उठून पुन्हा गायचं. बालगंधर्वांना तर इतके वन्स मोअर पडायचे की रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेच्या आसपास संपायचा. तिकीट एकाच नाटकाचं. आज दोन तासांच्या मैफलीत ‘वेळ संपली’ची चिठ्ठी पुढे सरकते, तेव्हा मला त्या प्रेक्षकांचा हेवा वाटतो.

या सेवेची दुसरी बाजूही सांगायला हवी. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग ठरल्या वेळी झाला. ते समोरच्यांना ‘मायबाप’ म्हणायचे, आणि त्या म्हणण्यात काय काय येत होतं ते त्या रात्री दिसलं.

हेच ‘मानापमान’ ८ जुलै १९२१ रोजी पुन्हा गाजलं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच रंगमंचावर आले. वरच्या वर्गाचं तिकीट शंभर रुपये होतं. १९२१चे शंभर! लोकांनी ते दिले. घासाघीस करणारा मराठी माणूस कुठे करत नाही, याची ही एक नोंद.

आपलं नाव काय म्हणालात?

नोव्हेंबर १९०२मध्ये कोलकात्यात गौहर जाननं ग्रामोफोनसाठी गाणी ध्वनिमुद्रित केली. प्रत्येक गाण्याच्या शेवटी ती ठणकावून इंग्रजीत आपलं नाव सांगते. हा गर्व नव्हता. रेकॉर्डी जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या आणि तिथल्या कारागिरांना कुठल्या तबकडीवर कुणाचं नाव चिकटवायचं ते कळावं म्हणून ही युक्ती होती. पार्सलवर पत्ता लिहायचा, पण गळ्यानं!

सत्तेचाळीस वर्षांनी नेमकं उलट झालं. १९४९च्या ‘महल’मधलं मधुबालावर चित्रित झालेलं ते झोपाळ्याचं गाणं रेडिओवर लागलं आणि लोक वेडे झाले. रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. ते तर सिनेमातल्या पात्राचं! त्या काळी तशीच रीत होती. श्रोत्यांनी रेडिओला पत्रं आणि फोन करून भंडावून सोडलं, ही गाते कोण ते सांगा. शेवटी रेडिओनं रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली आणि नाव जाहीर केलं, लता मंगेशकर. पार्श्वगायकांची नावं तबकडीवर येऊ लागली, त्यात या चौकशांचा वाटा मोठा होता. ग्राहकांच्या चौकशीला वेळेवर उत्तर दिल्याचं याहून गोड उदाहरण मला माहीत नाही.

गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं

१९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कट्टर भोक्ते. सिनेमाची गाणी हलकी, लोकांनी चांगलं ऐकावं, असा त्यांचा आग्रह. आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना कात्री लागली, निर्मात्यांशी बिनसलं आणि गाणी जवळपास गायबच झाली. लोकांनी मोर्चा काढला नाही. रेडिओचा काटा थोडा सरकवला आणि सिलोन लावलं.

तिथे त्याच वर्षी डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी. आठवड्याला पंचवीस रुपये मिळायचे आणि त्यात लिहिणं, बोलणं, शिवाय श्रोत्यांची पत्रं वाचणं हेही काम होतं. पहिल्याच कार्यक्रमानंतर नऊ हजार पत्रं आली! टूथपेस्टची कंपनी, परक्या देशातलं स्टेशन, आणि बुधवारची रात्र मात्र आपल्याकडच्या घराघरांत राखीव.

सरकारनंही धडा घेतला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. मग आली फर्माइशींची लाट आणि तिच्यावर स्वार झालेलं एक गाव, झुमरी तलैया. आजच्या झारखंडात कोडरमा जिल्ह्यातलं अभ्रकाच्या खाणींचं हे गाव. तिथल्या हौशी मंडळींनी इतकी पत्रं पाठवली की देशभरातल्या लोकांना वाटायचं, असं गाव नसणारच, निवेदकानं रचलेलं नाव असणार. आपल्याकडे मुंबई-पुणे केंद्रांवरच्या ‘आपली आवड’नं तेच केलं. स्वतःच्या नावासाठी पोस्टकार्ड टाकायचं आणि गाणं लागलं की शेजाऱ्यांकडे बघायचं. गाण्यापेक्षा नावांची यादी लांब असायची आणि तीच जास्त लक्ष देऊन ऐकली जायची.

कॅसेट भरून मिळेल

माझ्या लेखी उत्तम ग्राहकसेवा म्हणजे कॅसेट भरून देणारा दुकानदार. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून न्यायची, सोबत कोरी कॅसेट. ‘साठची आणलीस? नव्वदची हवी होती’ इथून त्याची सेवा सुरू व्हायची. मग तो यादीवर पेन फिरवायचा. ‘हे आणि हे शेजारी नको, मूड जातो. हे मुकेशचं आहे, किशोरचं नाही. आणि हे कशाला हवंय तुला या वयात?’ दोन दिवसांनी कॅसेट मिळायची. बाजूला सुबक अक्षरात गाणी लिहिलेली आणि ‘ए’ बाजूच्या शेवटचं गाणं अंतऱ्यात तुटलेलं. तीस मिनिटांत मावेल तेवढंच.

हा सगळा उद्योग कायद्याच्या चौकटीबाहेरचा होता, हे आता कळतं. पण आजचं ॲप मला ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून जी यादी दाखवतं, तिच्यात मला ओरडायची सोय नाही, आणि मी मुकेशचं गाणं किशोरचं समजलो तर सांगणारंही कुणी नाही.

कॅसेटच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव, टी-सीरिजचे गुलशन कुमार, दिल्लीच्या दर्यागंजात वडिलांच्या फळांच्या रसाच्या दुकानात वाढले. स्वस्तात द्या आणि कोपऱ्याकोपऱ्यावर ठेवा हे रसाचं गणित त्यांनी भजनांना लावलं. किराणा दुकानात साबणाशेजारी कॅसेट दिसू लागली ती त्यानंतरच.

गाणी राहू द्या, गब्बर द्या

१५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ लागला. गाण्यांच्या रेकॉर्डी पॉलिडोरनं काढल्या होत्या, पण अपेक्षेइतक्या उचलल्या जाईनात. कंपनीच्या माणसांनी थिएटरात जाऊन पाहिलं तर लोक संवाद पाठ म्हणत होते. मग निव्वळ संवादांची रेकॉर्ड निघाली आणि तुफान खपली. सत्यनारायणाच्या मंडपात, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीला, सगळीकडे गब्बर.

पुढची गंमत तर याहून भारी. ब्रिटानियानं ग्लुकोज-डी बिस्किटांच्या जाहिरातीत अमजद खान यांना गब्बरच्याच वेषात घेतलं. लहान मुलांना बिस्किटं विकायला दरोडेखोर! आई ज्याच्या नावानं झोपवते, त्याच्याच नावानं सकाळी दूध-बिस्किट. मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला, त्यामुळे पहिल्यांदा कडेवर बसून पाहिलेल्या मुलानं शेवटी स्वतःच्या पायांवर उभं राहून शिट्टी मारली असणार.

हजार आणि नऊ आठवडे

मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ २० ऑक्टोबर १९९५ला लागला आणि मुक्कामच ठोकला. फेब्रुवारी २०१५मध्ये १००९ आठवड्यांनंतर तो काढायचं ठरलं. लोकांनी इतका गलका केला की दोनचार दिवसांतच खेळ परत सुरू झाला. माणसं तिथे फक्त सिनेमा बघायला जात नाहीत. गावची गाडी संध्याकाळची असते, हातात बॅग असते, उन्हाची वेळ असते, आणि थोडक्या पैशांत तीन तास गार हवा व स्वित्झर्लंड दोन्ही मिळतं. समोरच्या स्टेशनातली वेटिंग रूम काय देणार याहून जास्त?

आणि आता मुख्य खटला

२०१६मध्ये शाहरुख खानचा ‘फॅन’ आला. त्याआधी महिनाभर सगळीकडे एकच गाणं वाजत होतं, ‘जबरा फॅन’. औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) एका शिक्षिका मुलांना घेऊन सिनेमाला गेल्या. सिनेमा संपला, दिवे लागले, गाणं काही आलं नाही. ते फक्त प्रसिद्धीसाठी होतं! मुलं इतकी हिरमुसली की रात्री जेवलीच नाहीत आणि त्यांना ॲसिडिटी झाली, असं तक्रारीत म्हटलेलं आहे.

आपण काय केलं असतं? घरी येताना आइस्क्रीम घेऊन दिलं असतं. बाईंनी ग्राहक मंचात तक्रार केली. जिल्हा मंचानं ती फेटाळली. त्या राज्य आयोगाकडे गेल्या. २०१७मध्ये आयोगानं दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार रुपये खर्च द्यायला सांगितलं. निर्माती कंपनी राष्ट्रीय आयोगाकडे गेली, तिथे २०२०मध्ये हाच निकाल कायम राहिला. दाखवलं ते दिलं नाही, म्हणजे फसवणूक, असा मुद्दा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २२ एप्रिल २०२४ रोजी उलटलं. प्रोमो म्हणजे वचन नव्हे, तिकीट घेताना होणाऱ्या करारात तो मोडत नाही, आणि कलेच्या सेवेत ती सादर करणाऱ्याला मोकळीक असतेच, असं न्यायालयानं म्हटलं.

कायद्याच्या दृष्टीनं हे मला पटतं. उद्या लोक ट्रेलरमधला विनोद सिनेमात हसू आणत नाही म्हणून दावे लावतील, आणि निम्मी इंडस्ट्री कोर्टातच बसेल. पण आठ वर्षं, चार पायऱ्या आणि एक गाणं, हा पाठपुरावा मला फार आवडतो. शिक्षिकाच त्या. गृहपाठ अर्धवट दिसला की शेरा मारणारच.

जिलबी नको, पाणी घ्या

बाहेरचे पदार्थ थिएटरात न्यायचे की नाही, यावर ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. थिएटरला मनाई करायचा हक्क आहे. मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायलाच हवं, आणि तान्ह्या बाळांचं खाणं आणता येईल. सुनावणीत सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी जिलबी खाऊन चिकट बोटं खुर्चीला पुसणाऱ्या प्रेक्षकाची भीती बोलून दाखवली. न्यायमूर्तींना आपली खडान्‌खडा माहिती होती म्हणायची! पुढच्या वेळी दोन घोट पाण्यासाठी मोठी नोट मोडण्याआधी काउंटरवर हसून विचारा, ‘साधं पाणी कुठे आहे?’ ते असतं. कोपऱ्यात असतं.

बंगळुरूच्या एका प्रेक्षकाचा ‘सॅम बहादुर’ चार वाजून पाच मिनिटांऐवजी साडेचारला सुरू झाला, कारण मध्ये जाहिराती. त्यांनी दावा लावला. ग्राहक आयोगानं २०२५च्या सुरुवातीला त्यांना भरपाई मंजूर केली, शिवाय मल्टिप्लेक्सला ग्राहक कल्याण निधीत एक लाख भरायला सांगितले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. तोवर पंचवीस मिनिटांची किंमत निघते, एवढं तरी देशाला कळलं.

एकच डबा चुकला

मुंबईच्या डबेवाल्यांची सेवा १८९०मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली. मावळ, खेड, जुन्नर भागातली माणसं, डब्याच्या झाकणावर रंग, आकडे आणि अक्षरांची खूण, आणि चूक होणं इतकं दुर्मीळ की व्यवस्थापनाच्या वर्गात त्यांचे धडे शिकवतात. ‘द लंचबॉक्स’ (२०१३) हा अख्खा सिनेमा उभा आहे तो एका चुकलेल्या डब्यावर. बरोबर पोचला असता तर गोष्टच नव्हती! त्यात इरफान खानचं पात्र क्लेम विभागात काम करतं, म्हणजे तोही खिडकीच्या त्या बाजूचाच. आणि वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी शेवटपर्यंत दिसत नाहीत. तो आवाज भारती आचरेकरांचा. नुसत्या आवाजावर त्यांनी मसाला, सल्ला आणि दिलासा तिन्ही पोचवलं. कॉल सेंटरवाल्यांनी प्रशिक्षणात हा सिनेमा दाखवावा.

पाटी वाचा, मग बोला

पुण्याच्या दुकानदारावर पु. लं.नी लिहून ठेवल्यावर आपण काय वेगळं सांगणार! दुपारी एक ते चार बंद, ही तर जगप्रसिद्ध वेळ. चितळे बंधूंचं दुकान २०१७मध्ये दुपारीही उघडं राहायला लागलं, तेव्हा ती बातमी झाली. दुकान उघडं आहे याची बातमी होणारं हे एकमेव शहर असावं. मुंबईत गिऱ्हाइकाला शिस्त लावायचा मान इराणी हॉटेलांचा. धोबी तलावच्या बस्तानीमधल्या सूचनांच्या पाट्या वाचून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत चक्क कविता केली. ग्राहकानं काय काय करू नये याची यादीच ती.

चालता चालता

टायटन घड्याळाच्या जाहिरातीची धून मोझार्टच्या पंचविसाव्या सिम्फनीतली. आणि ‘छाया’ (१९६१) सिनेमातलं तलत-लताचं गाजलेलं द्वंद्वगीत सलील चौधरींनी बेतलं ते चाळिसाव्या सिम्फनीवर. मोझार्ट आपल्याला येत नाही असं कुणी म्हणू नये.

लिज्जत पापड १९५९मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केला. त्याच्या जाहिरातीतला खिदळणारा ससा रामदास पाध्ये यांचा.

मुंबईचं रीगल १९३३मध्ये सुरू झालं तेव्हाच तिथे वातानुकूलन होतं. गार बसायला तिकीट काढण्याची परंपरा तिथून मोजावी.

मध्य रेल्वेच्या स्थानकांवरचा तो ओळखीचा बाईंचा आवाज सरला चौधरी यांचा. आकडे आणि गावांची नावं सुटी सुटी मुद्रित केलेली, मग जोडलेली. म्हणून गाडी दोन तास उशिरा असली तरी आवाज कधी वैतागत नाही.

कृपया प्रतीक्षा करा

फोन होल्डवर ठेवून संगीत ऐकवायची कल्पना अमेरिकेतल्या आल्फ्रेड लेव्ही नावाच्या कारखानदाराची. त्याच्या कारखान्यात फोनची तार लोखंडी तुळईला टेकली आणि शेजारच्या रेडिओ स्टेशनचं गाणं लाइनीत शिरलं. लोक त्रासण्याऐवजी ऐकत थांबले. १९६६मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि आपल्याला मिळाली सनईची तीच ती आठ सेकंदं.

तरीही एक नंबर होल्डवर थांबण्याच्या लायकीचा आहे. १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीतही बोलता येतं. पहिला ग्राहक संरक्षण कायदा २४ डिसेंबर १९८६चा, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. नवा कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला, आणि त्यात आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करायची मुभा आहे. कंपनीचं ऑफिस कुठल्या का गावात असेना.

तक्रार कशी लिहायची? तारीख, पावती, काय झालं, काय हवंय. एवढंच. सिनेमा आवडला नाही म्हणून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आपण जेवढं लिहितो, त्याच्या चौथ्या हिश्श्यात काम होतं.